तेविसाव्या पेटीतली पुडी

पेटी उलटी धरून तिच्या बुडावर तीन थापा मारायच्या, मग ती सरळ करून आतली बाजू सगळ्यांना दाखवायची आणि मोठ्याने ‘रिकामी’ म्हणायचं, असा दंडक होता. बावीस पेट्यांना मी हे अगदी यंत्रासारखं केलं. माझा आवाज बारीक. त्यामुळे प्रत्येक वेळी मागून कोणीतरी ‘काय म्हणाल्या?’ असं विचारायचं आणि माझ्या शेजारी बसलेल्या लायब्ररीवाल्या बाई माझ्या वतीने ‘रिकामी, रिकामी’ असं भाजी विकल्यासारखं ओरडायच्या. तेविसाव्या पेटीला तिसरी थाप मारली आणि टेबलावर काहीतरी पडलं. शर्टाचं बटण पडावं एवढाच आवाज. पण शाळेच्या त्या व्यायामशाळेत सकाळपासून चाळीस माणसं एकमेकांचं न ऐकता बोलत होती, ती सगळी एकदम गप्प झाली. मी खाली पाहिलं. कागदाची पुडी होती. अंगठ्याच्या पेराहून थोडी मोठी, चपटी, आणि तिच्या डाव्या टोकाला नखाएवढा एक कान बाहेर काढलेला. माझ्या काळजात धस्स झालं. हरवलेली मतपत्रिका सापडली म्हणून नव्हे. ती मतपत्रिका आहे हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं. आधी मनात आलं ते एवढंच, की ताई इथे कशी आली. ताईला जाऊन चार वर्षं झाली आहेत.

आमच्या प्रभागातून नगरपालिकेची एक जागा भरायची होती आणि उमेदवार दोनच होते, दवाखान्यातून निवृत्त झालेले डॉक्टर आणि शाळेच्या मुख्याध्यापिका. पहिल्या मोजणीत दोघांना चार हजार एकशे सतरा, चार हजार एकशे सतरा मतं पडली. इतकी तंतोतंत बरोबरी की निर्णय अधिकाऱ्यांनी स्वतः तीनदा बेरीज केली आणि चौथ्यांदा कोणालातरी करायला सांगितली. वर आणखी एक भानगड होती. तेविसाव्या पेटीच्या केंद्रावर सहाशे अकरा पत्रिका दिल्याची नोंद होती आणि पेटीत निघाल्या सहाशे दहा. असं होतं कधीकधी, एखादा मतदार पत्रिका खिशात घालून घरी घेऊन जातो, पण दोन्ही बाजूंनी ते मानायला नकार दिला आणि फेरमोजणीचा अर्ज झाला. म्हणून पाच दिवसांनी पुन्हा आम्ही सगळे इथे. आम्ही म्हणजे नगरपालिकेच्या वेगवेगळ्या खात्यांतून वेचून आणलेले कारकून. माझं खातं परवान्यांचं. मी या प्रभागातली मतदार, म्हणून खरं तर मला इथे बसवायला नको होतं, पण तापाच्या साथीत अर्धी माणसं अंथरुणाला खिळलेली, तेव्हा साहेबांनी माझं नाव घातलं. मी कधी कोणाच्या अध्यातमध्यात नसते, असा माझा लौकिक आहे. तो कसा मिळवला ते मला ठाऊक आहे.

कोणी हात लावू नका, असं अधिकारी म्हणाले. कोणी लावतच नव्हतं. पुडी माझ्यापासून वीतभर अंतरावर पडली होती आणि तिचा तो कान माझ्याकडे होता. ताई या उमेदवार डॉक्टरांच्याच दवाखान्यात कंपाउंडर होती. गोळ्या सर्रास मिळायला लागल्या तरी आमच्या डॉक्टरांचा भर चूर्णावरच असे, आणि दिवसाला दोनशे-अडीचशे पुड्या ताईच्या हातून जात. कागदाची वरची कड बोटभर मुडपायची, खालची कड तिच्यात अडकवायची, एक पालटी, दुसरी पालटी, मग दोन्ही टोकं मागे नेऊन एकात एक खोचायची. एवढं कोणीही शिकतं. पण ताई डाव्या टोकाचा एक इवलासा कोपरा उलटा फिरवून बाहेर काढत असे. म्हाताऱ्या माणसांची बोटं थरथरतात, खोचलेलं टोक त्यांना सापडत नाही, पुडी फाटते आणि औषध सांडतं. कान धरून ओढला की पुडी आपोआप उलगडते. ही तिची स्वतःची युक्ती. मला तिने ती शंभरदा शिकवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, समोर आईचं काम चालू, आणि ही माझी बोटं धरून सांगतेय, ‘अगं, जोर नको लावूस, कागदाला कुठे वळायचंय ते त्याला ठाऊक असतं.’ माझा कान एकतर फाटायचा नाहीतर फटकन उघडायचा. ‘राहू दे, तुझ्याच्याने नाही व्हायचं,’ म्हणून ती हसायची. तिने दुसऱ्या कोणाला शिकवलं नाही. दवाखान्यात तिच्याशिवाय पुड्या बांधायला कोणी नव्हतंच.

पुडी उघडायची की नाही यावर पाऊण तास गेला. डॉक्टरांचा प्रतिनिधी हा बांधकामाचा कंत्राटदार. त्याला सगळे घसा म्हणत, कारण तो हळू बोलू शकत नसे. तो म्हणाला, ‘उघडा! एका मतदाराचा हक्क आहे तो! कशी घडी केलीय याच्याशी काय देणंघेणं?’ मुख्याध्यापिका बाईंचा प्रतिनिधी एक वकील होता, पोक काढून चालणारा. तो म्हणाला की अशी विचित्र घडी म्हणजे मतदाराने मुद्दाम सोडलेली खूण असू शकते, तेव्हा ही पत्रिका न उघडताच बाद करा. अधिकाऱ्यांनी कान धरून ओढला. पुडी त्यांच्या तळहातावर आपोआप उलगडली आणि ते क्षणभर दचकले. बघणाऱ्यांतल्या कितीजणांना ते कळलं कोण जाणे. मला कळलं. फुली मुख्याध्यापिका बाईंच्या नावापुढे होती. चौकटीच्या बरोबर मध्यभागी, लहान, घट्ट. मग दोन्ही प्रतिनिधींनी, एकमेकांच्या खुर्च्या बदलाव्यात तशा बाजू बदलल्या. वकील म्हणाला, घडीशी काय देणंघेणं. घसा म्हणाला, ही उघडउघड खूण आहे. लायब्ररीवाल्या बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, ‘यांना घरी बायका कशा सहन करतात हो?’ मी हसले असेन. माझं लक्ष त्या कागदाच्या घड्यांवर होतं. उलगडला तरी तो सपाट होत नव्हता. श्वास घ्यावा तसा मधून मधून जरासा वर उचलला जात होता. पंख्याचा वारा असेल. पंखा माझ्या डोक्यावर होता, त्यांच्या नव्हे.

अधिकारी सरळ मनाचा माणूस होता, वाळलेला, चष्मा कपाळावर ढकलून वाचणारा. त्यांनी नियमावली काढली आणि दोनदा वाचली. मतदाराची ओळख पटेल अशी कोणतीही खूण असल्यास मत बाद. ‘म्हणजे असं,’ ते म्हणाले, ‘घडी विचित्र आहे म्हणून मी मत बाद करू शकत नाही. पण ही घडी अमक्याची आहे असं इथे कोणी ओळखून सांगितलं, तर ती खूण झाली. मग बाद. मग पुन्हा बरोबरी, आणि चिठ्ठी टाकून निकाल. कोणी ओळखत नसेल तर मत चालू, आणि मुख्याध्यापिका बाई एका मताने निवडून आल्या. आहे कोणी ओळखणारं?’ त्यांनी सगळीकडे पाहिलं. माझ्यावरूनही त्यांची नजर गेली. मी पेटीच्या झाकणाकडे बघत बसले. मग त्यांनी जेवणाची सुट्टी दिली, आणि डॉक्टर अजून आले नाहीत, उमेदवाराचंही ऐकून घेऊ आणि तीन वाजता निर्णय देऊ, असं सांगितलं.

ओळखलं तर बाद. नाही ओळखलं तर चालू. असल्या नियमाची मला सवय आहे, फक्त तेव्हा तो उलटा होता. एकोणीस वर्षांपूर्वी एक म्हातारे शिंपी ताईने बांधून दिलेलं औषध घेऊन दोन दिवसांत गेले. औषध हृदयाचं, आणि प्रमाण दसपट. नगरपालिकेने चौकशी नेमली. शिंप्यांच्या घरून आणलेल्या तीन न उघडलेल्या पुड्या टेबलावर मांडल्या होत्या. डॉक्टरांनी एक उचलली आणि म्हणाले, ‘हा कान तीच काढते. हजार पुड्यांतून ओळखेन मी.’ ताई म्हणाली, हो, माझीच आहे, पण चिठ्ठीवर लिहिलं होतं तसंच मी दिलं. चिठ्ठी सापडत नव्हती. डॉक्टर म्हणाले, मी असं लिहिणं शक्य नाही. तेव्हा ताईने माझं नाव सांगितलं. कारण औषध देण्याच्या आदल्या संध्याकाळी ती चिठ्ठी ती घरी घेऊन आली होती आणि मला दाखवून तिने विचारलं होतं, ‘हे शून्य एक जास्त आहे का गं? मला तसं वाटतंय.’ मी शून्य पाहिलं होतं. निळ्या शाईचं, जरा लांबट. मी म्हणाले होते, ‘डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का? लिहिलंय तसं दे.’ मी तेव्हा नगरपालिकेत हंगामी होते. आईला डॉक्टरांचं औषध चालू होतं. समितीने मला बोलावलं, डॉक्टर समोर बसले होते, आणि अध्यक्षांनी विचारलं, ती चिठ्ठी तुम्ही पाहिली होती? मी म्हणाले, आठवत नाही. फक्त दोन शब्द. दोष ताईवर आला, तिची नोकरी गेली, आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी मी कायम झाले. शिफारसपत्र डॉक्टरांचं होतं.

ताई नंतर पंधरा वर्षं माझ्याच घरी राहिली, मागच्या खोलीत. एका दुकानात कपड्यांना गुंड्या लावायचं काम करायची. तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. माझी लेक लहान होती, तिचे केस विंचरायची, तिला गोष्टी सांगायची, आणि हातात कागद आला की त्याची पुडी करायची. बसचं तिकीट, वाण्याची पावती, औषधाचं पाकीट. घरभर रिकाम्या पुड्या सापडायच्या. ‘अगं, काय हे,’ मी म्हणायचे. ‘सवय,’ ती म्हणायची. आमचे हे वैतागून म्हणायचे, हिच्या बहिणीला कोणीतरी पेशंट आणून द्या रे. ती मोठ्याने हसायची. मी दर निवडणुकीत डॉक्टरांच्या बाजूच्या उमेदवाराला मत द्यायचे. आता तर ते स्वतःच उभे होते. लोकांना वाटे, मी उपकाराची जाण ठेवते. ते काही खरं नाही. दुसऱ्या कोणाला मत दिलं असतं तर मी ती चिठ्ठी पाहिली होती असं कबूल केल्यासारखं झालं असतं, निदान माझ्यापुरतं तरी, आणि तेवढं धाडस त्या पडद्याआडसुद्धा मला होत नसे.

जेवणाच्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. डबा उघडला नाही. दुपारची शाळा, पण मुलांना सुट्टी दिलेली, त्यामुळे मैदान रिकामं होतं आणि फळ्यावर अर्धं पुसलेलं गणित खिडकीतून दिसत होतं. मी स्वतःला समजावत होते की पुडी कोणालाही बांधता येते, कानही कोणाला सुचू शकतो, जगात ताई एकटीच का हुशार होती. थरथरत्या बोटांची कणव आणखी कोणाला आली नसेल कशावरून. असं बराच वेळ चाललं होतं आणि मला बरंही वाटायला लागलं होतं. मग मांडीवर काहीतरी टोचलं. पाहिलं तर पुडी. सकाळच्या बसच्या तिकिटाची. ते तिकीट थोड्या वेळापूर्वी माझ्या हातात होतं. डाव्या टोकाला कान होता, सुबक, घट्ट, न फाटलेला. मी ती कधी बांधली मला माहीत नव्हतं. मी पर्स उघडली. आतला तो चेनचा कप्पा, ज्यात मी सटरफटर टाकत असते आणि कधी बघत नाही, तो उघडला. पुड्याच पुड्या. तिकिटांच्या, पावत्यांच्या, एक माझ्या पगाराच्या चिठ्ठीची, एक लेकीच्या पत्राच्या कोपऱ्याची. काही इतक्या जुन्या की कागद मऊ पडलेला. सगळ्यांना कान. चार वर्षं माझे हात हे करत होते आणि मला विचारतही नव्हते. कोणीतरी मागच्या पायरीवर बसून माझ्या खांद्यावरून पाहत असावं तसं वाटलं. मागे वळायची हिंमत झाली नाही. वळून कोणी दिसलं नसतं, हे मला ठाऊक होतं. भीती त्याचीच वाटली.

म्हणजे ते मत माझं होतं. मी मतदानाच्या दिवशी कामावर जाण्याआधी तेविसाव्या पेटीच्या केंद्रावर गेले होते, रांगेत चौथी होते, माझ्यापुढे एक काठीवाले गृहस्थ होते. पडद्याआड दोरीला बांधलेलं पेन होतं, ते नीट उठत नव्हतं, मी ते झटकलं. डॉक्टरांचं नाव वर होतं. मी वरच्या चौकटीत फुली केली. हे मला इतकं लख्ख आठवतं की त्या चौकटीच्या रेघेवर शाईचा एक ठिपका होता तोही डोळ्यांपुढे आहे. माझी फुली नेहमी तिरकी पडते, एक पाय चौकटीबाहेर जातो. आणि पत्रिकेवरची ती खाली होती, मध्यभागी होती, घट्ट होती. आता मी काय समजायचं? माझं आठवणं खोटं आहे, की माझे हात माझे नव्हते? एकोणीस वर्षांपूर्वी मी पाहिलेलं ‘आठवत नाही’ म्हणाले, तेव्हा आठवणीला मीच बाहेरचा रस्ता दाखवला होता. आता न केलेलं मला आठवतंय. आठवणीने सूड उगवावा तर असा. मला वाटलं, ताई पंधरा वर्षं बोलली नाही ती माफ केलं म्हणून नव्हे. ती वाट बघत होती, मला काही कळेनासं होईपर्यंत. आणि लगेच वाटलं, नाही, ताई असली नव्हती. ती एवढंच म्हणाली असती, ‘जोर नको लावूस.’

तीन वाजता डॉक्टर आले. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, बोलण्यात तोच मऊपणा. घसा त्यांना हातवारे करून सगळं सांगत होता. त्यांनी पत्रिका पाहिली. अधिकाऱ्यांनी ती काचेखाली ठेवली होती, घड्यांच्या रेघा कागदावर दिसत होत्या, आणि डाव्या कडेला ती लहानशी उलटी रेघ. डॉक्टरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. वीस वर्षं त्यांनी त्या पुड्या हाताळल्या होत्या. त्यांनी ओळखली. मी पाहत होते, त्यांनी ओळखली. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं, ही माझ्या कंपाउंडरची घडी आहे, आणि मत बाद होऊन त्यांच्या वाट्याला निम्मी आशा आली असती. पण ती कंपाउंडर मेली होती. मेलेल्या बाईने मत दिलं म्हणायचं? आणि ती कोण, तिचं काय झालं, असं कोणी विचारलं तर? मग त्यांची नजर टेबलांवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली, आणि मला पाहून त्यांना अगदी हायसं वाटलं. एखादी अडचण नोकरमाणसाकडे सरकवताना वाटतं तसं.

‘या बाई,’ ते म्हणाले, ‘यांना विचारा. यांची बहीण दवाखान्यात पुड्या बांधायची. यांनाही येत असेल. या याच भागात राहतात.’

व्यायामशाळेतले सगळे डोळे माझ्याकडे वळले. अधिकाऱ्यांनी चष्मा खाली ओढला. ‘बाई, खरं का हे?’

‘बहीण होती,’ मी म्हटलं. ‘वारली ती.’

‘ही घडी तुम्ही ओळखता?’

तोच प्रश्न. टेबल वेगळं, माणसं वेगळी, समोर डॉक्टर तेच. खरं बोलायची संधी एकोणीस वर्षांनी माझ्यापुढे ताटात वाढून ठेवावी तशी आली होती, आणि खरं बोलले असते तर पुन्हा डॉक्टरांचंच फावलं असतं. हो, ही ताईची. एवढं म्हटलं की ताईचं मत बाद. नाही म्हटलं की चालू. म्हणजे तिला वाचवायचं तर पुन्हा तिला ओळख द्यायची नाही. मला त्या क्षणी इतका संताप आला, त्या नियमाचा, डॉक्टरांचा, माझ्या कायम नोकरीचा, की माझा बारीक आवाज कुठल्या कुठे गेला.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी नाही ओळखत. आणि मला पुड्या बांधणं कधी जमलंही नाही.’

मागून कोणी ‘काय म्हणाल्या?’ विचारलं नाही. घसा मात्र ओरडला, ‘हे आम्ही असंच मानायचं? बांधून दाखवू दे की!’ वकील म्हणाला, हे काय नियमात आहे का. अधिकाऱ्यांनी जरा विचार केला आणि कोरा कागद पुढे केला, पत्रिकेच्याच मापाचा. ‘हरकत नसेल तर,’ ते म्हणाले. ‘म्हणजे विषय मिटेल.’ माझी पर्स मांडीवर होती, चेन बंद. तिच्यातल्या पुड्या मला कातड्यावर जाणवत होत्या. मी कागद घेतला. माझा बेत साधा होता, मुद्दाम वेंधळेपणा करायचा, कान फाडायचा. पण माझे हात माझं ऐकतील याची काय खात्री? जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला न विचारता सगळं केलं होतं. मी वरची कड मुडपली. खालची अडकवली. एक पालटी. बोटं आपण होऊन चालली होती, मऊ, भरभर, आणि माझ्या मनगटावर कोणाचीतरी पकड आहे इतकं ते उघड होतं, की पाहणाऱ्यांना दिसत कसं नाही याचं मला नवल वाटलं. दुसरी पालटी. टोकं मागे गेली, एकात एक बसली. आता कान उरला होता. माझ्या अंगठ्याने डावा कोपरा पकडला आणि तो उलटा वळायला लागला.

ताई, सोड, मी मनात म्हणाले. तुझं मत जाईल. सोड.

आणि तिने सोडलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. मनगटं एकदम जड झाली, बोटं आखडली, शेजारून कोणी उठून जावं तशी डाव्या बाजूला गार हवा लागली. मला वेंधळेपणाचं सोंग आणावंच लागलं नाही. मी कोपरा खरोखर नीट वळवायला गेले, अगदी जीव ओतून, कारण ती गेली हे मला पटत नव्हतं. तो फाटला. टोकं फटकन उघडली आणि कागद टेबलावर पसरला. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा मी कागद उचलला तेव्हा अधिकाऱ्यांनी माझा हात थांबवला. ‘पुरे, बाई, पुरे,’ ते म्हणाले. ‘दिसलं आम्हाला.’ डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं, पण बोलायचं तर मग ‘मी ओळखतो’ असं त्यांनाच म्हणावं लागलं असतं, आणि ते खिडकीकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे नजर रोखून पाहत होते. तसं मी त्यांच्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी पत्रिकेच्या मागे ‘ग्राह्य’ असा शिक्का मारला, सही केली, ती गठ्ठ्यात घातली, गठ्ठा लखोट्यात, लखोट्यावर लाख. चार हजार एकशे अठरा, चार हजार एकशे सतरा. त्यांनी आकडे दोनदा वाचले.

मग गलका झाला. मुख्याध्यापिका बाई मागच्या बाकावरून उठल्या आणि त्यांच्याभोवती माणसं जमली, घसा कोर्टात जायच्या धमक्या देत बाहेर गेला, डॉक्टर त्याच्या मागून, सावकाश. कोणीतरी पंखे बंद केले. मी पेट्यांची झाकणं लावत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते थांबवता येत नव्हतं. ताई गेली तेव्हा मी अशी रडले नव्हते. तेव्हा बरीच कामं होती, माणसं यायची होती, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं होतं. लायब्ररीवाल्या बाईंनी आपला रुमाल पुढे केला.

‘अहो, रडताय काय? कोणीतरी एक निवडून येणारच होतं. तुमचं कोणी होतं का यात?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘माझी बहीण.’

त्यांनी मान उंच करून मुख्याध्यापिका बाईंभोवतीच्या गर्दीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘त्यातली कोणती?’